सावली तेवढी राहिली

बसथांब्यावरच्या त्या बाई चष्मा घरी विसरल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं, असं तिला नंतर फार वेळा वाटलं. पण बाईंनी चष्मा आणला होता, वर तो रुमालाने पुसलाही होता, आणि बसला उशीर होता. थांब्याच्या काचेत नवं पोस्टर लागलं होतं. निळं पाणी, पिवळी वाळू, वाळू संपते तिथे खडकावर किल्ला, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूने तुम्ही या’. बाईंनी पोस्टर आधी लांबून पाहिलं, मग जवळून पाहिलं, आणि कोणाला तरी विचारायचं म्हणून शेजारी उभ्या असलेल्या तिलाच विचारलं, “अहो, इथे माणूस कोणी नाही, मग ही सावली कोणाची पडली?” ती म्हणाली, “कुठे?” खरं तर विचारायची गरज नव्हती. बाईंनी बोट ठेवलं तिथे वाळूवर एक लांबट काळसर आकार आडवा पडला होता. उकिडवं बसलेल्या माणसाचा, डोक्यावर टोपी, डावा खांदा जरा उतरलेला. शेजारी एका काठीची बारीक रेघ. माणूस नव्हता, काठीही नव्हती. “ओल असेल वाळूवर,” ती म्हणाली. “ओलीला टोपी असते होय?” असं म्हणून बाई स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसल्या. बस आली, बाई चढल्या, खिडकीतून त्यांनी पुन्हा एकदा पोस्टरकडे पाहून घेतलं. ती चढली नाही. पुढच्या बसने जाऊ, असं तिने स्वतःला सांगितलं आणि काचेकडे पाठ करून उभी राहिली. कान तापले होते, आणि मागच्या अख्ख्या रांगेला सगळं ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. रांगेतला एक जण शेंगा सोलत होता. त्याला कशाचं काही नव्हतं.

तिचं कामच पुसायचं. ती ज्या ऑफिसात होती तिथे जाहिराती, कॅलेंडरं, हॉटेलांची पत्रकं व्हायची, आणि छापायला जाण्याआधी प्रत्येक फोटो तिच्या टेबलावरून जायचा. विजेच्या तारा, कचऱ्याचे ढीग, नवऱ्या मुलीच्या गालावरचा फोड, हॉटेलमागचं गटार, जे जे नको ते ती काढायची. ऑफिसात तिला सगळे ‘रबर’ म्हणायचे, मायेने म्हणायचे, आणि तिला ते आवडायचंही. हातोटी अशी की शेजारची चांगली वाळू उचलायची आणि नको त्या गोष्टीवर थोडी थोडी पसरत न्यायची. कुठे जोड दिसता कामा नये. मग खुर्ची मागे सरकवून सगळं चित्र एकदा लांबून बघायचं. नव्या मुलींना ती हे बजावून सांगायची, की बायांनो, काढलं त्याच्याकडे बघत बसू नका, त्याचं म्हणून आजूबाजूला काय पडलंय ते बघा. माणूस जातो आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब तसंच राहतं, काचेतलं तोंड राहतं, जमिनीवरची सावली राहते. हे शिकवणारी ती. आणि तिच्याच हातून हे व्हावं. थांब्यावर उभी असताना तिला आधी या गोष्टीचीच लाज वाटली, म्हणजे कामात चूक झाली याची, आणि थोडा वेळ ती त्या लाजेला घट्ट धरून राहिली, कारण ती सोपी होती. दुसरी लाज तिच्या मागे उभी होती, आणि तिच्याकडे वळून बघायची तिची तयारी नव्हती.

तो फोटो पडद्यावर उघडला तेव्हा तिच्या मागे मालक, दोन नव्या मुली आणि अक्षरवाला उभे होते. अक्षरवाला म्हणजे पोस्टरवरचा मजकूर बसवणारा, ऑफिसातला विनोदी माणूस. किल्ला तिने एका नजरेत ओळखला. ओळखणारच, जन्म तिथला. पर्यटन खात्याच्या पत्रकात त्याला द्वीपकल्प म्हणतात, तिथली माणसं नुसतं टोक म्हणतात. टोकावर राहतो, टोकावरून आलो. पण ऑफिसात तिने टोकाचं नाव कधी काढलं नव्हतं. वडील काय करतात असं कोणी विचारलं की ‘बोटींचा व्यवसाय आहे’ म्हणायची. बोट एकच होती, तीही वल्ह्याची, आणि व्यवसाय म्हणजे पाणी चढलेलं असताना किल्ला बघायला आलेल्यांना पलीकडे नेऊन सोडायचं आणि परत आणायचं. “किनारा साफ कर,” मालक म्हणाला. “होड्या ठेव थोड्या, बऱ्या दिसतात. बाकी ती जाळी, डबे, दोरीवरची धुणी, सगळं काढ.” मग अक्षरवाल्याने मान पुढे काढली. “आणि हे पाण्याकाठी कोण बसलंय? सकाळचं उरकायला बसलाय वाटतं बिचारा, आणि आपण त्याचा फोटो काढतोय.” मालक हसला. मुली तोंडावर हात धरून हसल्या. आणि ती हसली. ओठांतल्या ओठांत नाही, चांगली खांदे हलवून हसली, आणि वर म्हणाली, “उरकू दे की त्याला निवांत.” त्यावर सगळे आणखी हसले.

अक्षरवाल्याच्या कितीतरी आधी तिने त्याला पाहिलं होतं. फोटो उघडल्या उघडल्या तिची नजर तिथेच गेली होती, जशी माणसाची नजर गर्दीत आपल्या घरच्याकडे जाते. बाबा रोज सकाळी असेच बसायचे. पाण्याच्या काठाला एक काठी रोवायची आणि तिच्याशेजारी उकिडवं बसून बघायचं, की पाणी काठीला सोडून मागे जातंय का काठीला वेढतंय. मागे जात असेल तर आलेली माणसं थोड्या वेळाने पायी किल्ल्यावर जातील आणि बोटीला काम नाही. वेढत असेल तर वल्ही आणायला घरी पळायचं. लहान असताना ती त्यांच्या शेजारी तशीच उकिडवी बसायची आणि दोघं काही न बोलता काठीकडे बघायची. तिच्या आयुष्यात त्याहून शांत असं काही आलं नव्हतं. त्या बसण्याला ती ‘उरकू दे’ म्हणाली. मग तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, इतकं की बाबा म्हणून काही राहिलेच नाहीत; टोपीचा एक करडा चौकोन, पाठीचे थोडे तपकिरी, बस. शेजारची वाळू उचलली आणि त्यावर पसरली. हात सवयीने चालला. काम झाल्यावर खुर्ची मागे सरकवून लांबून बघायचं, ते मात्र तिने केलं नाही. चित्र तसंच पुढे पाठवलं आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेली. लहानपणापासून तिचं डोकं असं अगदी वेळेवर दुखायचं. घागर फुटली की दुखायचं, शाळेत मार बसला की दुखायचं. घरी गेल्यावर तिने भाजी चिरली, नवऱ्याशी गप्पा मारल्या, आणि झोपही लागली. झोप लागली हे तिला पुढे फार लागलं.

थांब्यावरच्या बाईंनंतर दोनच दिवसांत खात्याच्या साहेबांचाही फोन आला. मालकाने तिला केबिनमध्ये बोलावलं. ओरडला नाही, उलट चहा मागवला, आणि त्यानेच तिला कानकोंडं झालं. “रबर, तुझ्या हातून असं होणार नाही म्हणून मी बघितलंसुद्धा नाही गं. जाऊ दे. दुसरी छपाई निघतेय, सोमवारी बसून ती सावली उडवून टाक. नवी पोस्टरं गेली की जुनी सगळीकडून उतरवणार आहेत. तिथल्या तिकीटघरापासून सुरुवात.” ती मान हलवत राहिली. कारण तिकीटघरात ते पोस्टर लागलंय हे तिला मालकाच्या आधी कळलं होतं. बाबांचा फोन आला होता. फोनवर बाबा नेहमी मोजकं बोलायचे, वारा कसा आहे, जावईबुवांची तब्येत कशी आहे, झालं. या वेळी मात्र त्यांचा आवाज निराळा होता. “तुझं चित्र लागलंय इथे. खाली तुझ्या ऑफिसचं नाव आहे. माणसं थांबून थांबून बघतात. तू एकदा येऊन जा. तुला एक दाखवायचंय.” काय दाखवायचंय हे तिने विचारलं नाही. सोमवारी आपल्याला काय करायचंय हे ठाऊक असताना त्यांना न भेटता ते करावं, हे काही तिच्याने होईना. आणि भेटून काय सांगायचं, तेही सुचेना. घरी तिने नवऱ्याला सुट्टीत टोकावर जाऊ या का, एवढंच विचारलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याने लगेच नकाशा काढला.

लग्नानंतर इतक्या वर्षांत तो टोकावर एकदाच आला होता. पुढे दर वेळी काहीतरी निघायचं. रस्ता खराब आहे, घरात जागा नाही, बाबाच येतील की इकडे. बाबा यायचे, पिशवीत सुकवलेले मासे घेऊन, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे. ऑफिसातलं कोणी येणार असेल तर ती त्यांना म्हणायची, बाबा, तुम्ही दमला असाल, आत पडा जरा. ते निमूटपणे आत जायचे. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं, आता बसच्या खिडकीशी बसल्यावर वाटत होतं. नवरा शेजारी जोरात बोलत होता. “तीन बाजूंनी पाणी. आता बघ हं, या वळणानंतर तुला दोन्हीकडे समुद्र दिसेल.” जणू ती कुठल्या वाळवंटातून आली होती. वळण आलं आणि दोन्हीकडे समुद्र दिसला, आणि नवऱ्याला इतका आनंद झाला की तिलाही खोटं खोटं आश्चर्य दाखवावं लागलं. रस्त्याला एकामागून एक गावं लागत होती, प्रत्येक गावाला आपापला किनारा आणि वर टेकडीवर कुठलातरी पडका बुरूज. टोकावर किल्ले पुष्कळ, माणसं मोजकी. किल्ले सरकारने नीट ठेवले होते, गवत कापलेलं होतं, पाट्या होत्या. प्रवासी उतरायचे, किल्ल्याकडे तोंड करून फोटो काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे.

या फोटोंचीच टोकावरच्या माणसांना एक सवय लागलेली होती. कोणी कॅमेरा वर केला की चाललेलं माणूस थांबायचं, बाजूला व्हायचं आणि फोटो होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. कोणाला सांगावं लागायचं नाही. डोक्यावर पाटी असो, हातात बादली असो, बाजूला. तिला चालता येऊ लागलं तसं बाबांनी तेही शिकवलं होतं, दंड धरून, “हो इकडे, त्यांचा फोटो खराब होतो.” आई तर यात इतकी तरबेज होती की कॅमेरा दिसायच्या आधी तिला कळायचं. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो सापडला नाही. शेजारपाजारी शोधलं, लग्नाचा होता तो पाण्याने गेलेला. शेवटी एक फोटो मिळाला, कुठल्याशा प्रवाशाने किल्ल्याचा काढलेला आणि बाबांना आठवण म्हणून दिलेला. त्याच्या अगदी कडेला आईचं कोपर होतं, बादलीची कडी होती आणि लुगड्याचा उडालेला काठ. बाबांनी तोच मोठा करून आणला. तेव्हा ती कॉलेजात होती. मैत्रिणी घरी आल्या तर हे काय म्हणून विचारतील, या भीतीने तिने तो फोटो आतल्या खोलीत लावायला लावला होता. हे आत्ता का आठवावं? नवरा म्हणाला, “बरं वाटत नाहीये का तुला?” “डोकं दुखतंय जरा,” ती म्हणाली, आणि त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

बाबा थांब्यावर आले होते. टोपी नवी होती. त्यांनी जावयाची बॅग हिसकावूनच घेतली आणि घराकडे वळायचं सोडून सरळ तिकीटघराकडे निघाले. “बाबा, आधी हातपाय तरी धुऊ द्या,” ती म्हणाली. “हातपाय कुठे पळून चाललेत? तिकीटघर बंद होईल.” तिकीटघर म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरची एक खोली, एक खिडकी, आत तिकीटवाली बाई आणि तिची शिलाईची टोपली. बाहेरच्या भिंतीवर काचेआड ते पोस्टर. खाली दगडाची पायरी होती आणि पायरी झाडलेली होती. बाबांनीच झाडली असणार. तिकीटवाली खोलीतून बाहेर आली. “हीच का लेक? बाई, तुमच्या बाबांनी आम्हाला वेड आणलंय. येणाऱ्या प्रत्येकाला पकडून दाखवतात.” बाबा थोडे लाजले. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि जावयाला जवळ बोलावून काचेवर बोट ठेवलं. “हे काय दिसतंय, जावईबुवा?” नवरा वाकला. “सावली आहे. माणसाची. आणि ही... काठी का?” “माझी,” बाबा म्हणाले. “काठीही माझी. फोटोवाला आला होता तेव्हा मी खाली पाणी बघत बसलो होतो. मला वाटलं, आलो मध्ये, खराब झाला असेल त्याचा फोटो.” ते हळू बोलत होते, घरातली गोष्ट बाहेर सांगावी तसं. “आता सरकारी चित्र आहे. माणसं नको म्हणाले असतील, त्यांचंही बरोबर आहे. हिला काढावं लागलंच असणार. पण हिने काय केलं बघा. मला काढलं, सावली तेवढी ठेवली. कोणाला कळू नये अशी. ज्याला ओळखायचंय तो ओळखेल.”

तिकीटवालीने हे आधी कितीदा ऐकलं असेल, तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आमच्या पोटी नाही अशी पोर,” ती म्हणाली. नवरा तिच्याकडे बघत होता, नव्यानेच ओळख झाल्यासारखा. “अगं, एवढं केलंस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?” आत्ता सांगायला हवं होतं, याच क्षणी. बाबा, ते चुकून राहिलं, एवढंच. पण बाबांचं बोट अजून काचेवर होतं, आणि त्या बोटाच्या खाली त्यांची सावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने आयुष्यात त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नव्हतं. भिंत फुटून आपल्याला आत घेईल तर बरं, असं तिला वाटलं. ती नुसती हसली, लाजल्यासारखी. सगळ्यांना ते विनयाचं वाटलं. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात घरी पोचेपर्यंत तिच्या पाठीवर आहे असं तिला वाटत राहिलं.

दोन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. नवरा किल्ले बघत हिंडला, ती बरोबर हिंडली. एका बुरुजावरून त्याने तिला समुद्राचे प्रवाह समजावून सांगितले. एका किनाऱ्यावर शिंपले वेचले आणि घरी येऊन बाबांना दाखवले, आणि बाबांनी ते हातात घेऊन कौतुकाने बघितले, जसे पहिल्यांदाच बघताहेत. जिथे जावं तिथे बाबांचं बोलणं तिच्या आधी पोचलेलं असायचं. पाववाला, जाळी विणणारा, पलीकडच्या गावातली मावशी, सगळे म्हणायचे, सावलीवाली ती तूच ना. गावात आता सावलीच बघायची टूम निघाली होती. पोरं उकिडवी बसून आपल्या सावल्या बघत होती. ती मान खाली घालून हो म्हणायची. रात्री पडल्या पडल्या तिला वाटायचं, राहू द्यावी. सोमवारी जाऊन मालकाला सांगावं, मी नाही काढणार, दुसऱ्या कोणाला सांगा. मग दुसरी कोणी काढेल. नवी मुलगी काढेल, सुरेख काढेल, तिनेच तर शिकवलं होतं. काही केलं तरी तिकीटघराच्या काचेत एक दिवस स्वच्छ वाळू दिसणार होती, आणि टोपी काढून पुन्हा घालणारा तो माणूस जावयाला काय दाखवणार होता? सांगायलाच हवं होतं. ऐनवेळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, असं ती मनाशी घोकत होती, पण त्यात बाबांच्या सोयीपेक्षा स्वतःची सुटका किती आहे हेही तिला कळत होतं.

शेवटच्या संध्याकाळी बाबा बोटीच्या तळाला चिकटलेलं शेवाळ खरवडत होते. नवरा घरात वही घेऊन बसला होता, पोरांना शिकवायला किल्ल्यांची टिपणं काढत. ती बोटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, म्हणजे मध्ये बोट राहील. “बाबा, ते चित्र बदलणार आहेत,” ती म्हणाली. “नवं लावणार आहेत.” खरवडण्याचा आवाज चालू होता. “का?” “सावली चालत नाही म्हणाले.” “बरं.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “तुला बोलले असतील.” “नाही, तसं नाही.” तिने वाळूत बोट खुपसलं. “बाबा, ती मी ठेवली नव्हती. चुकून राहिली. माझी चूक झाली ती.” आवाज थांबला. मग पुन्हा एक-दोनदा खरवडल्याचं ऐकू आलं, उगीचच, हात मोकळा राहू नये म्हणून. “चुकून,” बाबा म्हणाले. “हो.” “असं होय.” आणि मग, अगदी सरळ, चौकशी करावी तसं, त्यांनी विचारलं, “तो मी आहे हे कळलं होतं तुला? काढताना?”

तिला वाटलं होतं हे ते विचारणार नाहीत. बोटीच्या वरून त्यांची नवी टोपी तेवढी दिसत होती. सांग, तिच्या आत कोणीतरी म्हणत होतं, आता सांगून टाक. कळलं होतं, पहिल्याच नजरेत कळलं होतं, ते हसले आणि मीही हसले. निदान एवढं तरी त्यांना खरं दे. “नाही कळलं, बाबा,” ती म्हणाली. “एवढंसं दिसत होतं. कोणीही असतं.” “तेही खरं,” बाबा लगेच म्हणाले, जसं काही त्यांना हेच ऐकायचं होतं. “एवढ्या लांबून कोण कोणाला ओळखतंय.” त्यांनी पातं वाळूवर पुसलं. “पण तू तर म्हणायचीस, शेवटी लांबून सगळं नीट बघून घेते म्हणून. मग राहिली कशी?” ती म्हणाली, “त्या दिवशी नाही बघितलं. डोकं दुखत होतं.”

बाबा उठून उभे राहिले. बोटीच्या वरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. घागर फुटल्यावर खापऱ्या गोळा करताना ते तिच्याकडे असंच बघायचे, आणि तेव्हाही काही बोलायचे नाहीत. “हं,” ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी पातं फडक्यात गुंडाळलं. “काढून टाक सोमवारी. नोकरीचं काम आहे, अर्धवट ठेवू नये.” घराकडे जाताना ते पुढे आणि ती मागे होती. वाटेत तिकीटघर लागलं. बाबांनी पोस्टरकडे पाहिलं नाही. तिकीटवालीने खिडकीतून हाक मारली, तिला त्यांनी हात केला आणि चालत राहिले.

सकाळी त्यांची बस होती. त्याआधी नवऱ्याला किनाऱ्यावर एक शेवटचा फोटो हवा होता. “इतके दिवस किल्ल्याचेच काढतोय, तुझा एक नको?” त्याने तिला वाळूवर उभं केलं, किल्ला तिच्या खांद्यामागे येईल असं, आणि मागे मागे जात राहिला. ऊन नुकतं वर आलं होतं, सगळ्या गोष्टींच्या सावल्या लांब पडल्या होत्या. पाण्याच्या काठाला काठी रोवून बाबा बसले होते. नवऱ्याने कॅमेरा वर केला, आणि काही म्हणायच्या आतच बाबा उठले. गुडघ्यांवर हात टेकून उठले, आणि सवयीने बाजूला झाले, उजवीकडे, होड्यांच्या आडोशाला. “बाबा, तुम्ही बसा की, छान दिसतंय,” नवरा ओरडून म्हणाला. “नको, नको. काढा तुम्ही.” नवऱ्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तिने मान वळवून पाहिलं. बाबा थांबले होते आणि खाली बघत होते. त्यांच्या पायापासून निघालेली सावली वाळूवरून आडवी जाऊन तिच्या मागेपर्यंत आली होती. ते थोडे सरकले, पुन्हा खाली पाहिलं. आणखी सरकले. टोपीची सावली अजून आत येत होती, म्हणून त्यांनी टोपी काढून छातीशी धरली, मग मागे जाऊन होडीच्या सावलीत आपली सावली नीट आत घेतली. तिथून त्यांनी विचारलं, “आता येत नाही ना मी?”

“नाही, बाबा,” नवरा म्हणाला. “अगदी साफ आलंय.” काठी एकटीच पाण्याच्या काठाला उभी होती. पाणी तिला वेढायला लागलं होतं, आणि बघायला कोणी नव्हतं. तिला तोंड उघडून एक हाक मारायची होती, बाबा म्हणून, बाकी पुढचं पुढे. “इकडे बघ,” नवरा म्हणाला. “आणि हस की जरा.” तिने समोर पाहिलं आणि ती हसली.